अन्ननलिकेतला डाग करंटने काढताना भिंत कुठवर भाजते

अन्ननलिकेच्या अस्तरावर अगदी सुरुवातीचा कॅन्सर किंवा कॅन्सरकडे झुकलेला डाग सापडला, तर बऱ्याचदा छाती उघडावी लागत नाही. तोंडातून दुर्बीण घालून, तिच्या नळीतून पाठवलेल्या बारीक पात्याने तो डाग सोलून काढता येतो. या पात्याला धार नसते, कापण्याचं काम करंट करतो. देवास, धार, खंडवा, बऱ्हाणपूरकडची मराठी घरं अशा उपचारांसाठी इंदूर गाठतात. डॉक्टर हिंदीत समजावतात, डिस्चार्जचा कागद इंग्रजीत मिळतो आणि घरी आजीला सांगताना त्या सगळ्याचं 'करंट लावून काढलं' एवढंच उरतं. त्या करंटने आत नेमकं काय होतं, कुठवर होतं आणि किती दिवसांनी कळतं, हे माहीत असलं तर पुढचे आठवडे कशावर नजर ठेवायची ते समजतं.

मोठ्या माणसाची अन्ननलिका साधारण २५ सेंटिमीटर लांब असते. समोरच्या दातांपासून मोजलं तर ती १५ सेंटिमीटरवर सुरू होते आणि ४० च्या आसपास जठराला मिळते. रिपोर्टमध्ये 'डाग २८ ते ३१ सेंटिमीटरवर' असं लिहितात ते याच मोजणीने. भिंतीची जाडी सगळी मिळून ३-४ मिलिमीटर. आतून बाहेर जाताना आधी अस्तर लागतं, त्याखाली सैल धाग्यांचा आणि रक्तवाहिन्यांचा थर, ज्याला सबम्युकोसा म्हणतात, आणि त्याखाली स्नायूंचे दोन थर, आतला गोल फिरणारा आणि बाहेरचा उभा. जठराला आणि आतड्याला याबाहेर सिरोसा नावाचं एक चिवट आवरण असतं. अन्ननलिकेला ते नाही. स्नायू संपला की थेट छातीच्या मधल्या पोकळीतली सैल जागा, आणि तिथे शेजारी श्वासनलिका, महाधमनी, हृदयाची मागची बाजू. मोठ्या आतड्यात थोडा जास्त करंट लागला तर निदान एक थर आड असतो. इथे आड काही नाही, शिवाय हृदयाच्या ठोक्यांनी आणि श्वासाने भिंत सतत हलत असते.

डाग अस्तरात आहे. काढायचं आहे ते अस्तर आणि त्याखालचा बराचसा सबम्युकोसा, आणि राखायचा आहे तो स्नायू. आत काही टोचून फुगवलं नाही तर या दोहोंतलं अंतर एखाद मिलिमीटरचं असतं. पुढे जे जे सांगतो आहोत, ते सगळं या एका मिलिमीटरसाठी.

<b>घरातला करंट झटका देतो, हा का देत नाही</b>

आपल्या घरातल्या प्लगमधला करंट सेकंदाला ५० वेळा पुढे-मागे होतो. एवढ्या सावकाश बदलणाऱ्या करंटला नसा आणि स्नायू प्रतिसाद देतात, म्हणून झटका बसतो आणि हृदय बंद पडू शकतं. फ्रान्सच्या द'आर्सोन्वाल यांनी १८९१ मध्ये दाखवलं की सेकंदाला १०,००० वेळांपेक्षा जास्त पुढे-मागे होणारा करंट शरीरातून गेला तर नसा-स्नायू उत्तेजित होत नाहीत, फक्त ऊब तयार होते. शस्त्रक्रियेचं यंत्र याच तत्त्वावर चालतं. १९२६ मध्ये बोस्टनला मेंदूचे सर्जन हार्वी कुशिंग यांनी विल्यम बोवी यांनी बनवलेलं यंत्र वापरून पहिल्यांदा अशी शस्त्रक्रिया केली. आजची यंत्रं सेकंदाला साधारण ३ ते ५ लाख वेळा पुढे-मागे होणारा करंट देतात.

हा करंट पात्याच्या टोकातून शिरतो, शरीरातून जातो आणि मांडीवर चिकटवलेल्या मोठ्या प्लेटमधून यंत्राकडे परततो. दोन्ही ठिकाणी करंट तेवढाच असतो, तरी टोकाशी मांस कापलं जातं आणि मांडी साधी कोमटही लागत नाही. रंगपंचमीची गेर, म्हणजे इंदूरची रंगांची मिरवणूक, राजवाड्यासमोरच्या चौकात असते तेव्हा माणसं मोकळी चालतात, तीच गर्दी बोळात शिरली की चेंगराचेंगरी होते. करंटचंही तसंच आहे, आणि त्यात आणखी एक गणित आहे: उष्णता करंटच्या दाटीच्या वर्गाने वाढते. टोकाचा व्यास निम्मा केला तर टेकणारी जागा पाव होते, दाटी चौपट होते आणि उष्णता सोळा पट. म्हणून पात्याचं टोक किती बाहेर काढलंय, ते मांसात किती रुतलंय, त्यावर जळकं किती चिकटलंय, या क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टींनी परिणाम पार बदलतो. अन्ननलिकेसाठीच्या पात्याचं टोक साधारण दीड मिलिमीटरच बाहेर येतं ते याचसाठी.

या हिशेबातला दुसरा भाग वेळ. उष्णता वेळेच्या प्रमाणात साठते आणि शेजारी पसरते. करंट बंद केल्यावरही तापलेल्या भागातली ऊब आजूबाजूला आणि खाली उतरत राहते. पात्याने एक सेकंद हात लावला आणि चार सेकंद दाबून धरलं, यात वरून दिसणारा फरक थोडा आणि आतला फरक मोठा असतो.

<b>तापमान वाढतं तेव्हा मांसाचं काय होतं</b>

४५ अंशांपर्यंत बहुतेक पेशी सावरतात. ५० च्या वर पेशीतली यंत्रणा बिघडू लागते. ६० च्या आसपास प्रथिनं गोठतात, मांस पांढुरकं दिसू लागतं आणि पेशी मेलेली असते. ७०-८० ला कोलॅजनचे धागे आक्रसतात, त्यामुळेच रक्तवाहिनी चिमटून बंद होते. १०० ला पेशीतलं पाणी उकळतं आणि मांस कोरडं पडतं. त्याच्या बरंच वर गेलं की कोळसा होतो.

यातली खरी अडचण ५० आणि ६० च्या मधल्या पट्ट्यात आहे. तिथला स्नायू त्या दिवशी दुर्बिणीत गुलाबी, ठीक दिसतो. पांढरा पडलेला नाही, काळा झालेला नाही. पण त्यातल्या बऱ्याच पेशी पुढच्या एक-दोन दिवसांत मरणार असतात. डॉक्टर काम संपवताना तळ नीट तपासतात, फोटो काढतात, 'भोक नाही' असं लिहितात, आणि ते त्या घडीला खरंच असतं. किती खोल भाजलंय ते दिसायला वेळ लागतो, म्हणून काम निर्विघ्न पार पडल्यावरही पेशंटला लगेच घरी सोडत नाहीत.

<b>कट आणि कोएग: एकाच यंत्राचे वेगवेगळे स्वभाव</b>

यंत्राला दोन पेडल असतात, पिवळं कापण्याचं, म्हणजे कट, आणि निळं गोठवण्याचं, म्हणजे कोएग. कापण्याच्या करंटची लाट अखंड असते. टोक आणि मांस यांच्यात ठिणगी पडायला साधारण २०० व्होल्टचं शिखर लागतं. त्यावर गेलं की ठिणगीखालच्या पेशींतलं पाणी क्षणात वाफ होऊन पेशी फुटतात आणि पातं पुढे सरकतं. उष्णता वाफेबरोबर निघून जाते, शेजारी कमी पसरते. छेद स्वच्छ येतो, पण रक्त थांबत नाही.

गोठवण्याच्या करंटमध्ये लाट बहुधा तुटक असते. जुन्या पद्धतीच्या कोएग लाटेत जेमतेम ६ टक्के वेळ करंट वाहतो, बाकी वेळ बंद. तेवढ्या वेळात काम व्हावं म्हणून व्होल्ट खूप वाढवलेले असतात. त्यातला फोर्स्ड कोएग हा प्रकार हजार-अठराशे व्होल्टच्या घरात जातो, स्प्रे कोएग ४,००० च्याही पुढे. सॉफ्ट कोएग मात्र २०० व्होल्टच्या खालीच राहतो, त्यामुळे ठिणगी पडत नाही आणि कोळसा होत नाही, मांस संथपणे शिजतं.

व्होल्ट कमी म्हणजे इजा कमी, असं मात्र नाही. स्प्रेमध्ये वरचा थर लगेच कोरडा आणि काळा पडतो. कोरडं मांस करंट अडवतं, म्हणून इजा पसरट आणि उथळ राहते. सॉफ्ट कोएगमध्ये वरचा थर ओलाच राहतो आणि करंट खाली जातच राहतो. दिसायला सौम्य, पण पाच-सहा सेकंद एकाच जागी धरलं तर स्नायूपर्यंत पोचतो. रक्त थांबवण्यासाठी चिमट्याने वाहिनी धरतात तेव्हा हाच करंट वापरतात, म्हणून तिथे शिस्त हवी: आधी पाण्याने धुऊन नेमकी वाहिनी शोधायची, कमीत कमी मांस पकडायचं, चिमटा स्नायूपासून थोडा वर उचलायचा आणि मगच एक-दोन सेकंद करंट द्यायचा. न उचलता दिलेला करंट थेट स्नायूत उतरतो.

मधला मार्ग म्हणून एंडोकट नावाची पद्धत आहे. तीत यंत्र स्वतःच काही मिलिसेकंद कापतं, मग थोडा वेळ हलकं गोठवतं, पुन्हा कापतं. पेडल दाबून धरलं तरी पातं एकदम खोल जात नाही. अस्तराला पहिला छेद देताना बहुधा हीच पद्धत असते.

पेशंटचे नातेवाईक कधीकधी 'किती वॉटवर केलं' असं विचारतात. त्या आकड्यावरून फार काही कळत नाही. आजच्या यंत्रांत वॉटचा आकडा ही कमाल मर्यादा असते. मांसाचा विरोध मोजून प्रत्यक्ष किती द्यायचं ते यंत्र दर क्षणी ठरवतं. ४० वॉटचा कट आणि ४० वॉटचा फोर्स्ड कोएग मांसाशी पूर्ण वेगळं वागतात, कारण व्होल्ट वेगळे. एका कंपनीच्या यंत्रावरचा 'इफेक्ट २', म्हणजे परिणामाची पातळी, आणि दुसऱ्या कंपनीचा 'इफेक्ट २' यांचाही मेळ नसतो. किती खोल भाजेल हे ठरवतात त्या गोष्टी तीन: लाटेचा प्रकार, टेकलेली जागा आणि टेकल्याचा वेळ. आमच्या मते यातला वेळ सर्वांत दुर्लक्षित आहे.

<b>काम कसं चालतं आणि कुठे चुकतं</b>

लहान डाग, साधारण दीड-दोन सेंटिमीटरपर्यंतचा, रबरबँडने वर ओढून तारेच्या फासाने एकसंध कापता येतो. याला ईएमआर म्हणतात. करंट काही सेकंदच लागतो. त्यापेक्षा मोठा डाग फासाने काढला तर तुकड्यातुकड्यांत निघतो आणि कड पूर्ण निघाली की नाही ते सांगणं कठीण होतं. म्हणून मोठ्या डागासाठी ईएसडी, म्हणजे पात्याने कडेकडेने छेद देऊन खालून सोलून एकाच तुकड्यात काढणं. ही पद्धत १९९० च्या दशकाच्या शेवटी जपानमध्ये जठराच्या कॅन्सरसाठी घडत गेली आणि मग अन्ननलिकेत आली. तिला तास-दीड तास, कधी त्याहून जास्त लागतो आणि तेवढा वेळ पातं स्नायूच्या अगदी जवळ काम करत असतं.

आधी डागावर ल्यूगॉलचं आयोडिन फवारतात. निरोगी अस्तरातल्या पेशींत ग्लायकोजेन असतं, ते आयोडिनने तपकिरी होतं, आणि बिघडलेला भाग रंग न घेता फिका उठून दिसतो. मग त्या फिक्या भागाच्या काही मिलिमीटर बाहेरून करंटचे ठिपके देऊन सीमा आखतात. या ठिपक्यांकडे कुणी फार लक्ष देत नाही, पण या वेळी आत काही टोचलेलं नसतं, भिंत आहे तेवढीच पातळ असते. टोक आत ओढून, नुसतं टेकवून, क्षणभरच करंट द्यायचा असतो. दाबून दिलेला ठिपका स्नायूपर्यंत भाजतो.

मग सबम्युकोसात द्रव टोचतात: सलाईन, ग्लिसेरॉलचं मिश्रण किंवा हायलुरोनिक अ‍ॅसिड, त्यात निळा रंग आणि अगदी पातळ केलेलं अ‍ॅड्रेनालिन. अस्तर वर उचललं जातं, स्नायू खाली राहतो आणि एका मिलिमीटरचे चार-पाच होतात. हा फुगवटा ऊबही शोषून घेतो. साधं सलाईन काही मिनिटांत जिरतं, म्हणून ते पुन्हापुन्हा टोचावं लागतं. ग्लिसेरॉल आणि हायलुरोनिक जास्त टिकतात, पण महाग पडतात. आणखी एक गोष्ट इथे घडते: सलाईन विजेचं चांगलं वाहक आहे. पात्याभोवती ते साठलं की करंट इकडेतिकडे पसरतो, कापणं मंदावतं, आणि हात आपोआप जास्त दाबला जातो किंवा यंत्राचा आकडा वाढवला जातो. पाणी ओढून घेतल्यावर तोच वाढवलेला आकडा कोरड्या मांसावर लागतो आणि खोल जातो. वाढवलेला आकडा वेळीच खाली आणणं, एवढी साधी गोष्ट इथे फार महत्त्वाची आहे.

पुढे सोलण्याचं काम. दुर्बिणीच्या टोकाला पारदर्शक टोपी बसवलेली असते. ती अस्तराखाली शिरवून निळा थर ताणून धरतात आणि पातं स्नायूला समांतर, किंवा स्नायूपासून पोकळीकडे, असं चालवतात. पात्याचं तोंड स्नायूकडे वळलं की धोका. टोक झाकलेली, चिनीमातीचा मणी लावलेली पाती याचसाठी निघाली. मण्यातून करंट जात नाही, त्यामुळे खालच्या बाजूचा स्नायू वाचतो. सुटलेल्या कडेला क्लिप आणि दोरा लावून ती वर ओढून धरली तर थर उघडा दिसतो, वेळ कमी लागतो आणि पात्याचे फटकेही कमी लागतात.

गडबड होते ती बहुधा तीन ठिकाणी. पहिली जागा जुन्या जखमेची, म्हणजे पूर्वी खोल बायोप्सी किंवा अर्धवट काढणं झालंय तिथली. तिथे सबम्युकोसा चिकटून घट्ट झालेला असतो, द्रव टोचला तरी उचलत नाही, निळा थर दिसत नाही, आणि पातं कुठे चालवायचं ते अंदाजावर येतं. म्हणून डाग ईएसडीने काढायचा ठरणार असेल तर आधी जागोजागी मोठे तुकडे घेऊ नयेत. दुसरी जागा रक्तस्रावाची. रक्ताने दिसेनासं झालं की घाईघाईत लांबवर करंट दिला जातो. तिसरी, पात्याच्या टोकावर साठलेला कोळसा. तो करंट अडवतो, कापणं होत नाही, माणूस जास्त वेळ दाबतो. टोक दर थोड्या वेळाने बाहेर काढून ओल्या गॉजने पुसायला मिनिटही लागत नाही. हे काम सहायकाचं, आणि चांगला सहायक न सांगता ते करतो.

आत फुगवण्यासाठी साध्या हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड वापरतात. बारीक भोक पडलंच तर बाहेर गेलेला हा वायू रक्तात लवकर शोषला जातो, हवा मात्र छातीत आणि मानेखाली अडकून राहते.

<b>प्लेट, दागिने, पेसमेकर</b>

पेशंटच्या हातात असलेल्या गोष्टी इथे आहेत. प्लेट शक्यतो मांडीवर लावतात, कारण तिथे मांस भरपूर असतं आणि करंटची वाट छातीपासून खाली जाते. त्वचा कोरडी, केस काढलेली, तेल न लावलेली हवी. सकाळी अभ्यंग किंवा मालिश करून येऊ नये, प्लेट अर्धवट चिकटते. अर्धी प्लेट सुटली की करंटला परतायला जागा कमी मिळते, दाटी वाढते आणि मांडी भाजू शकते. दोन भागांची प्लेट असेल तर यंत्र संपर्क तपासत राहतं आणि सुटल्यास करंट बंद करतं. गुडघ्याच्या हाडावर, जुन्या शस्त्रक्रियेच्या व्रणावर, आत रॉड किंवा सांधा बसवलेल्या जागेवर प्लेट लावत नाहीत. तसं काही असेल तर आधी सांगावं, टेबलावर कुणी विचारेलच असं नाही.

मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी, कमरेची साखळी काढून ठेवावी. निघत नसेल तर ते आधी सांगावं. धातू शरीराला एका बारीक ठिकाणी टेकलेला असतो आणि करंटला ती आडवाट सापडू शकते. पेसमेकर किंवा डिफिब्रिलेटर असेल तर तो बसवणाऱ्या डॉक्टरांचा कागद घेऊन यायचं. करंटचं काम हृदयाच्या पाठीमागे चालणार आहे, पेसमेकरला ते ठोके वाटू शकतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत आणि स्वतःहून चालूही ठेवू नयेत. स्टेंट कधी बसवला, हे सांगून हृदयाच्या आणि पोटाच्या डॉक्टरांनी मिळून ठरवायचं.

<b>काम झाल्यानंतर</b>

पहिल्या दिवशी छातीच्या मध्यभागी जळजळ, गिळताना दुखणं हे अपेक्षित आहे. आयोडिनमुळेही थोडी जळजळ होते. काही पेशंटना त्याच्या पलीकडे ताप येतो, छातीत नेमक्या जागी दुखतं, रक्तात पांढऱ्या पेशी वाढतात, आणि सीटी स्कॅनमध्ये भोक सापडत नाही. करंटची ऊब स्नायूपर्यंत गेली आणि तिथे सूज आली, असा याचा अर्थ. तोंडाने काही न देता, सलाईन आणि अँटिबायोटिकवर हे बहुधा दोन-तीन दिवसांत शमतं. स्कॅनमध्ये अन्ननलिकेभोवती हवेचे दोन-चार बुडबुडे दिसले तरी घाबरून जाऊ नये. भोक न पडताही ते दिसतात. पेशंट कसा आहे, यावर पुढचं ठरतं.

काम चालू असताना भोक पडलं आणि लगेच दिसलं, तर ते बहुतेक वेळा क्लिप लावून तिथल्या तिथे बंद होतं. जास्त भीती आहे ती उशिरा पडणाऱ्या भोकाची. भाजलेला स्नायू एक-दोन दिवसांनी मरतो, सडतो आणि तिथून लाळ आणि जंतू छातीत उतरतात. हे क्वचित होतं, पण झालं तर जिवावर बेततं, आणि ओळखायला जितका उशीर तितकं कठीण. खूण अशी: दुखणं कमी होत आलेलं असताना एकदम वाढतं, पाठीत किंवा खांद्यात जातं. ताप, धाप, नाडी जलद. गळ्याच्या खळगीजवळ किंवा मानेवर बोट दाबलं तर चरचर लागते, कारण कातडीखाली हवा आलेली असते. यातलं काहीही झालं तर पाणीसुद्धा न पाजता लगेच हॉस्पिटल. १०८ ला फोन करून 'अन्ननलिकेचं दुर्बिणीने ऑपरेशन झालंय' हे आधी सांगायचं, नाहीतर अशा छातीदुखीला हार्ट अटॅक समजून रक्त पातळ करणारं औषध दिलं जाण्याचा धोका आहे.

म्हणून बऱ्हाणपूर, खरगोन किंवा रतलामहून आलेल्यांना आमचं आग्रहाचं सांगणं: डिस्चार्ज मिळाला तरी काही दिवस इंदूरमध्येच, नातेवाइकांकडे किंवा धर्मशाळेत, थांबा. तीन-चार तासांच्या रस्त्यावर मध्येच दुखायला लागलं तर ज्या ठिकाणी सीटी आणि हे काम जाणणारे डॉक्टर दोन्ही आहेत असं हॉस्पिटल वाटेत मिळेलच असं नाही.

खाणं डॉक्टर सांगतील तेव्हाच सुरू करायचं, बहुधा दुसऱ्या दिवशी पाण्याने. मग थंड किंवा कोमट पातळ पदार्थ: दूध, ताक, भाताची पेज, मुगाचं पाणी. त्यानंतर खिमट, मऊ वरणभात. पोह्यांवरची शेव, जिरावण, कचोरी, कडक भाकरीचा पापुद्रा, वाफाळता चहा हे काही आठवडे नाही म्हणजे नाही. जखम भरायला साधारण सहा-आठ आठवडे जातात. अ‍ॅसिड कमी करणारी गोळी तोवर नियमाने घ्यायची आणि दोन बशा भात खाऊन लगेच आडवं व्हायचं नाही. तंबाखू, गुटखा आणि दारू तर कायमचीच सोडायची, कारण आपल्याकडे अन्ननलिकेचा स्क्वेमस कॅन्सर बहुतेक त्यांच्याच वाटेने येतो.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दुसरा त्रास सुरू होऊ शकतो: घास अडकणं. गोलाईच्या तीन-चतुर्थांशापेक्षा जास्त अस्तर काढलं असेल तर भरताना अन्ननलिका आक्रसून अरुंद होण्याची शक्यता फार असते. स्नायूही भाजला असेल तर तो आक्रस जास्त हट्टी होतो, फुग्याने एकदा रुंदावून भागत नाही, पुन्हापुन्हा करावं लागतं. हे टाळण्यासाठी मोठ्या जखमेत काम संपतानाच ट्रायमसिनोलोन नावाचं स्टेरॉइड टोचतात, किंवा प्रेडनिसोलोनच्या गोळ्या, सामान्यतः रोज ३० मिलिग्रॅमपासून सुरू करून सुमारे आठ आठवड्यांत कमी करत, देतात. टोचताना सुई स्नायूत गेली तर तिथे पुढे भोक पडू शकतं, म्हणून ती उरलेल्या सबम्युकोसातच राहायला हवी. गोळ्यांनी साखर वाढते, आणि आधी क्षयरोग होऊन गेला असेल तर तो पुन्हा डोकं वर काढू शकतो. घरात कुणाला टीबी झाला होता का, हे डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगावं. गोळ्या मध्येच बंद करू नयेत. घास अडकू लागला तर 'सूज असेल, जाईल' म्हणून महिनाभर वाट पाहायची नाही, आठवड्याच्या आत दाखवायचं. सुरुवातीला रुंदावणं सोपं असतं.

<b>तुकड्याच्या रिपोर्टमध्ये करंटची खूण</b>

काढलेला तुकडा आक्रसू नये म्हणून थर्मोकोल किंवा कॉर्कवर टाचण्यांनी ताणून, वरची-खालची बाजू लिहून, फॉर्मलिनमध्ये ठेवतात. नंतर पॅथॉलॉजिस्ट २-३ मिलिमीटरचे काप करून प्रत्येक काप पाहतात. कडेला करंट लागलेल्या पट्ट्यात पेशी लांबट, एकमेकींत वितळल्यासारख्या दिसतात. त्या निरोगी होत्या की कॅन्सरच्या, हे ओळखता येत नाही. त्यामुळे कधी रिपोर्टमध्ये 'कड सांगता येत नाही' असं येतं. कॅन्सर उरलाय, असा त्याचा अर्थ नव्हे. शरीरात राहिलेली कडही करंटने भाजलेली असते, त्यामुळे उरलेसुरले काही असेल तर तेही बऱ्याचदा मेलेलं असतं. पण तसं गृहीत धरता येत नाही, अशा पेशंटची तपासणी लवकर आणि वरचेवर करावी लागते.

खालची कड हा वेगळा प्रश्न आहे. कॅन्सर सबम्युकोसात ०.२ मिलिमीटरपेक्षा खोल गेलाय का, रक्तवाहिनीत किंवा लसिकावाहिनीत शिरलाय का, यावर पुढे ऑपरेशन किंवा किरणोपचार लागतील का ते ठरतं. पातं स्नायूपासून फार दूर, सबम्युकोसाच्या वरच्या भागात चालवलं तर स्नायू वाचतो, पण ही खालची कडच भाजून निघते आणि खोली मोजता येत नाही. म्हणून जाणते डॉक्टर थराच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यातून, स्नायूच्या जेमतेम वरून सोलतात. स्नायूला जपायचं आणि कड वाचण्याजोगी ठेवायची, या दोन्ही मागण्या एकाच वेळी पुऱ्या करायच्या असतात.

डिस्चार्जच्या वेळी चार गोष्टी लिहून घ्याव्यात: डाग दातांपासून किती सेंटिमीटरवर होता, गोलाईचा किती भाग काढला, स्नायू कुठे उघडा पडला किंवा पांढरा दिसला का, क्लिप किती लावल्या. क्लिप असतील तर त्या गळून पडेपर्यंत एमआरआय करण्याआधी डॉक्टरांना विचारायचं. पुढची दुर्बीण कधी, याची तारीख त्याच कागदावर हवी. त्या तपासणीत जुनी जागा आयोडिन फवारून पाहतात आणि उरलेली सगळी अन्ननलिका आणि घसाही पाहतात, कारण तंबाखू-दारूने बिघडलेल्या अस्तरावर दुसरीकडे नवा डाग उठू शकतो. तो छोटा असताना सापडला तर फासाने, काही सेकंदांच्या करंटमध्ये निघतो.